प्रतापरावांचा दिवा

४ मे, सोमवार

अभिराम हैदराबादला गेला, तीन महिन्यांच्या ट्रेनिंगला. जाताना प्रतापरावांना माझ्या गळ्यात बांधून गेला!

प्रतापराव म्हणजे त्याचा सरडा. "आई, सरडा नाही ग, कॅमेलिऑन!" बरं बाबा. हिरवागार, डोक्यावर पगडीसारखा उंच तुरा. नाव त्यावरून मीच ठेवलं. एक डोळा माझ्याकडे, एक पंख्याकडे. त्याचे कागद म्हणे सरकारदरबारी रीतसर नोंदलेत. आमच्या तुकोगंजच्या फ्लॅटचे अजून व्हायचेत.

पिंजऱ्यावर दोन दिवे — एक नळी, उन्हाच्या ऐवजी, आणि एक बल्ब, शेकायला. सकाळी सातला चालू, संध्याकाळी सातला बंद. रात्री मिट्ट अंधार. झीरोचा बल्बसुद्धा चालणार नाही. "झोप नाही झाली तर तो खाणार नाही, आणि खाल्लं नाही तर... आई, प्लीज." बेचाळीस डिग्रीत शेकायला बल्ब! टायमर आणला होता तो पहिल्याच दिवशी जळाला. आता टायमर मी.

हसते आहे, पण धास्ती आहे. आठवीत असताना त्याचे मासे माझ्या हातून मेले. चार दिवस माझ्याशी बोलला नव्हता. हा जीव मला त्याच्या हातात जिवंत परत द्यायचा आहे.

६ मे

सातला दिवे बंद केले तर सासूबाईंचा आवाज — वय अठ्ठ्याऐंशी, आवाज अठराचा — "तिन्हीसांजेला दिवे मालवतेस? लक्ष्मी काय चाचपडत येणार?"

"देवघरात दिवा आहे ना, आई."

"तो देवाचा. हा घराचा."

माझा नवरा अच्युत वारला, आता अभिरामही बाहेर; आम्ही दोघीच घरात. भांडायला पंच नाही!

प्रतापराव झोपताना फिके पडतात, शेपटीची जिलबी करतात. किती गोड! होस्टेल आठवलं. सिस्टर ॲग्नेस दारात उभी — "लाइट्स आउट, गर्ल्स!" मग आम्ही अंधारात शेव खायचो. कुरकुर ऐकू जाऊ नये म्हणून एकेक काडी जिभेवर विरघळवायची. चार आण्यांची शेव तासभर पुरायची. इतकी चवीची शेव पुन्हा मिळाली नाही.

९ मे

सकाळी पाचला उठले तर दोन्ही दिवे चालू. रात्रभर! मी सातला बंद केले होते, शपथेवर सांगते.

घरात माणसं दोन. एक मी. विचारलं त्यांना. "मला काय करायचंय तुझ्या गिरगिटाचं? मी नाही बाई." चेहरा असा की कोर्टानं चहा पाजून सोडावं.

१० मे

पुन्हा!

१२ मे

पुन्हा. प्रतापराव भर दुपारी डोळे मिटून बसलेत. अंग काळपट. नाकासमोर किडा धरला — बघितलंसुद्धा नाही.

विजय नगरच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. "दिन में आँखें बंद? आंटीजी, ये अच्छा साइन नहीं है. रात को लाइट तो नहीं जलती?"

"जलती है. सासूजी जलाती हैं."

त्या हसल्या. मला हसू आलं नाही.

रात्री अभिरामचा फोन. "कसा आहे?" "मजेत!" म्हटलं. एवढं स्वच्छ खोटं मी शाळेतही बोलले नव्हते.

१३ मे

आज भांडले. चांगली कडाकडा. "तुमच्या लक्ष्मीपायी मुका जीव जाईल!"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.  मग म्हणाल्या, "हो ग. मीच लावते. आता नाही लावायची."

छत्तीस वर्षांत पहिला कबुलीजबाब! तारीख अधोरेखित करून ठेवते.

दुपारी म्हणाल्या, "बस इथं, डोक्याला तेल लावून देते." लाच! घेतली. हात अजून हलका आहे त्यांचा. माझा डोळा लागला.

१५ मे

कसलं नाही लावायची! पहाटे हॉल लग्नाच्या मांडवासारखा लखलखीत. प्रतापराव खाली, कुंडीच्या मातीत बसलेले. उचलून घेतले — हाताला वजनच लागेना. रडले थोडी. सरड्यासाठी! सिस्टर ॲग्नेसनं काय म्हटलं असतं.

खालचे कृष्णराव वर आले. वीज मंडळातून रिटायर, हात अजून शिवशिवतात. "ताई, कॅमेरा लावून टाकू. चोर पकडायचा तर प्रूफ पाहिजे ना! पंधरा मिनिटांचं काम." पंधरा मिनिटांचे दोन तास, तीन कप चहा. पण लागला. माझ्या फोनवर सगळं दिसतं.

सासूबाई वॉकर घेऊन दारात उभ्या. "कशाला ग तो कॅमेरा? मी म्हटलं ना, मीच लावते म्हणून. काढायला सांग." दोनदा म्हणाल्या. आवाज अगदी बारीक.

घाबरल्या! आता सापडतायत बरोब्बर.

१६ मे

कालची क्लिप, रात्री साडेनऊची. हिरव्या गाऊनमधली बाई येते, दोन्ही बटणं दाबते, पिंजऱ्यासमोर उभी राहते. मागून सासूबाई वॉकर टेकत येतात. बटणं चाचपतात, त्यांना जमत नाही. मग त्या बाईचा हात धरून तिला हळूहळू आत नेतात.

तीनदा बघितली. ती बाई मी आहे. मला यातलं काहीही आठवत नाही.