टोरलच्या कुळांसाठी

मी, ल्युडोविक आर्बकल, राहणार एडिनबरा, निवृत्त न्यायाधीश, वय एकाहत्तर. छाती साथ देत नसली तरी डोकं ताळ्यावर आहे, आणि पुढचा शब्द न् शब्द माझा स्वतःचा आहे.

राहतं घर बहीण एल्स्पेथ हिला. तिने लग्न न करता माझा संसार सांभाळला आणि माझ्या वकिलीला जेवणाच्या टेबलावर कधी थारा दिला नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

न्यायासनावरचा झगा कुठे टांगून ठेवू नये. कापड उबदार आहे. स्वयंपाकीण जीनने त्यातून नातवंडांना कोट शिवावेत.

आता टोरल. मी पार्लमेंटात गेलो तो थोरला भाऊ ड्यूगल याच्या जोरावर. तेव्हा जमीनदार म्हणेल तोच निवडून येई. त्याने आपल्या टोरल खोऱ्यातली कुळं उठवून मेंढ्या सोडायचं ठरवलं, तेव्हा मी भर सभागृहात त्याविरुद्ध बोललो. घरी तो म्हणाला, "खुर्ची मी दिली तुला. जीभ कोणी दिली?"

"आईने, दादा."

पुढच्या निवडणुकीत माझी जागा गेली. आमचं बोलणंही तिथेच संपलं.

पुढे मी न्यायाधीश झालो आणि कुळांचा दावा नेमका माझ्यासमोर आला. भावाच्या खटल्यात बसणं न्यायाला धरून नव्हतं, म्हणून मी उठलो आणि दावा दुसऱ्या न्यायाधीशाकडे गेला. कुळं हरली. कोर्टाच्या पायऱ्यांवर मोराग गन या विधवेने मला गाठलं. "तुम्ही रीतीने वागलात, साहेब," ती म्हणाली. "पण आम्ही आज निजायचं कुठं?"

नंतर मी आर्डव्हेनची किनाऱ्यालगतची जमीन विकत घेतली आणि मोरागसह टोरलची सात घरं तिथे वसवली. ती जमीन त्यांना व त्यांच्या वारसांना कायमची, खंडाशिवाय.

दादाचा मुलगा कॉलिन यावर दावा लावेल. खुशाल लावावा. लोकांची मृत्युपत्रं मोडण्यात माझी हयात गेली. भेग कुठे पडते ते मला ठाऊक आहे.

दादाला काही ठेवत नाही. त्याला कशाची वाण नाही. त्याने साक्षीला यावं, एवढा निरोप एल्स्पेथबरोबर धाडला आहे.

एडिनबरा, १२ नोव्हेंबर १८२९

सही: ल्युडोविक आर्बकल

साक्षीदार:
१. डॉ. हॅमिश टेट
२. ड्यूगल आर्बकल, थोरला भाऊ. सगळं वाचून सही केली. माझ्या मुलाने या जमिनीच्या वाटेला जाऊ नये.