पहिल्या नंबरची कॅसेट

पेडणे, १० ऑगस्ट १९९१

सौ. पद्माताईस,
सा. न. वि. वि.

तुझी भजनांची कॅसेट अखेर पाहिली. आवाज तुझा आणि कव्हरवर फोटो, नाव कॅसेट काढणाऱ्या कृष्णनाथच्या बायकोचं, कमलाक्षीबाईचं! त्याच्या म्हापशाच्या दुकानात जाऊन विचारलं, तर म्हणतो, पद्मावतीचा फोटो नीट आला नव्हता. कमलाक्षीबाईला आरतीतसुद्धा सूर सापडत नाही, हे तिच्याच शेजारणीने मला सांगितलं.

ताई, मी याचा सूड घेणार. म्हापशाचं साप्ताहिक दर महिन्याला पहिल्या दहा कॅसेटी छापतं. त्यांच्या कचेरीत चौकशी केली. दुकानांतून विकलेल्या तेवढ्याच ते मोजतात. कोऱ्या कॅसेटवर उतरवून घेतलेल्या धरत नाहीत. म्हणून अर्ध्या पेडण्यात तुझा आवाज वाजूनही ही नववी. गणेशचवथीच्या महिन्यात जी पहिली येईल, तिच्या गायिकेला म्हापशात मंचावर गावं लागतं. मी कृष्णनाथला पहिला नंबर मिळवून देणार आहे!

लोभ आहेच, या रागातही साथ दे.

तुझी तनया

फोंडा, १७ ऑगस्ट १९९१

चि. तनयास,
अ. उ. आ.

बाये, घरातली पहिली बी. ए. झालीस ती हे करायला काय? तुझे भावजी पत्र वाचून हसले. मी नकोच म्हणणार होते. पण काल शेजारची लक्ष्मी टेप घेऊन आली. कमलाक्षीचा गळा देवाने दिलेला म्हणाली, आणि मीही असं गाऊन बघावं असं सुचवून गेली. तिला चहा मीच केला. साखर घातली नाही.

तेव्हा कर. फक्त खोटं काही करू नकोस. आईला जप, आणि मला विसरू नको.

तुझी पद्माताई

पेडणे, २४ सप्टेंबर १९९१

सौ. पद्माताईस,
सा. न. वि. वि.

पहिला नंबर! खोटं काहीच केलं नाही. आईच्या फुगडीच्या बायांना खरं काय ते सांगितलं, त्यांनी माहेरवाशिणींना. यंदा कोणी उतरवून घेतली नाही. पेडण्याच्या, डिचोलीच्या बाया म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला गेल्या आणि दुकानांतून विकत घेऊन आल्या. कृष्णनाथने आधी पेढे वाटले, मग त्याला मंच आठवला. काल साडी घेऊन आमच्याकडे हजर. तू पडद्यामागून गावंस आणि कमलाक्षीबाईने पुढे तोंड हलवावं, म्हणे. आईने साडी परत केली. मी त्याला तुझ्या घराची वाट सांगितली. ताई, हो म्हणू नकोस. एवढं ऐकशील ना माझं?

तुझी तनया

फोंडा, ७ ऑक्टोबर १९९१

चि. तनयास,
अ. उ. आ.

ताप उतरला का? तू घडवून आणलेला म्हापशाचा कार्यक्रम नेमका तुझाच चुकला. कृष्णनाथ घरी आला तेव्हाच मी त्याला पडद्यामागे बसणार नाही म्हटलं. आवाज कोणाचा हे त्याने आधी सगळ्यांसमोर सांगावं, तरच मी मंचावर येईन, अशी अट घातली. गाईन असं मी कुठेच म्हटलं नाही. ते त्यानेच गृहीत धरलं.

भर सभेत, घाम पुसत, त्याने सांगितलं. माझं नाव आडनावासकट घेतलं. कमलाक्षी मान खाली घालून बसली होती. तिचं मला थोडं वाईट वाटलं. त्याचं नाही. मी वर गेले, पेटीवाल्याने सूर धरला. लोकांना नमस्कार केला आणि या माणसासाठी मी गाणार नाही, असं सांगून खाली उतरले. कृष्णनाथ ताई, ताई करत स्टँडपर्यंत मागे आला. फोंड्याची बस लागली होती. मी खिडकीची जागा धरली आणि काच ओढून घेतली.

लवकर बरी हो. माया आहे तशीच असू दे.

तुझी पद्माताई