पूल आला की सांगायचं

३ मार्च, सोमवार

आज रुजू झाले. इथला वारा समुद्रावरून येतो आणि दुपारी स्कूटर उभी ठेवू देत नाही. माझी खोली कालवं विकणाऱ्या एका बाईंच्या दुकानावर आहे. सामान वर चढवायच्या आधी त्यांनी मला कालवांची पेज प्यायला लावली. उपाशी पोटी जिने चढणारी माणसं वरच्या खोलीत टिकत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. पेज उत्तम होती. बऱ्याच दिवसांनी मी वाटी संपवली.

तातडीचा विभाग छोटा आहे पण स्वच्छ आहे. मुख्य परिचारिकेला सगळीकडे म्हणतात तसं इथेही आचांग म्हणतात. मुलींनी माझ्यासाठी बिनसाखरेचा थंड चहा मागवला होता, कारण आधीच्या आचांगना मधुमेह होता आणि दुकानदाराने सवयीने तोच पाठवला. रुइ-ची नावाची बडबडी नर्स म्हणाली की गोड हवा असेल तर आचांगनी आधी आजारी पडू नये. सगळ्या हसल्या. मीही हसले.

माझा नवरा होंग-यू याच विभागात गेला. गेल्या ऑक्टोबरात. मासळीच्या शीतगृहाचं यंत्र दुरुस्त करून परत येताना किनाऱ्याच्या रस्त्यावर त्याच्या गाडीला ट्रकने उडवलं. आमच्यात बायका लग्नानंतर आडनाव बदलत नाहीत; माझं जान, त्याचं यान. आम्ही त्याला न्यायला आलो तेव्हा मी मास्क लावून सासूबाईंना धरून उभी होते. कोणी मला ओळखलेलं नाही.

त्याच्या शेवटच्या वेळेबद्दल रुग्णालयाने आम्हाला दोन ओळी लिहून दिल्या. दोनच ओळी केव्हा लिहितात ते नर्सला कळतं. मला बाकीचं हवं आहे.

६ मार्च, गुरुवार

सकाळपाळीची ज्येष्ठ नर्स मान-ताई. वय पन्नाशीचं, हात फार चांगला. ज्या म्हातारीची शीर कोणाला सापडत नव्हती तिला सुई टोचून ही परत आलीसुद्धा. पण डाव्या मनगटावर ती कापडी पट्टा बांधते. आपल्या विभागात कोपराच्या खाली काही चालत नाही, काढा, असं मी सांगितलं. पुरळ आलंय म्हणाली, आणि लांब हातमोजे चढवले. मी पुढे बोलले नाही.

नव्या डॉक्टरांनी अननसाच्या वड्या आणल्या. रुइ-चीने तो डबा न उघडताच फाटकावरच्या रखवालदाराला देऊन टाकला. अननस आत आला की रुग्णांची रीघ लागते हे ज्याला माहीत नाही त्याला पदवी कोणी दिली, असं तिने त्यांना तोंडावर विचारलं. त्यांनी माफी मागितली.

एक गोष्ट खटकली. आमच्या खाटा एक, दोन, तीन, पाच, सहा. चार नंबर अर्थातच नाही, आमच्या भाषेत चार आणि मरण यांचा उच्चार सारखाच. या मुली एक, दोन, पाच, सहा भरतात आणि तीन शेवटपर्यंत रिकामी ठेवतात. आज तीनवर कोणी नसताना मान-ताई पडदा ओढण्याआधी हळूच म्हणाली, पडदा ओढतेय हं. उशाशी गरम सोया दुधाचा पेला होता.

होंग-यू तीनवर गेला असेल का? आम्हाला तो पाचवर दाखवला होता.

१२ मार्च, बुधवार

मी मान-ताईला सहज विचारल्यासारखं विचारलं, ऑक्टोबरात त्या ट्रकच्या अपघातातला माणूस आला तेव्हा पाळीवर कोण होतं. तिने हातातली पट्टी गुंडाळणं थांबवलं नाही. मी त्या आठवड्यात रजेवर होते, म्हणाली.

दुपारी जेवताना रुइ-ची तिची चेष्टा करत होती. ऑक्टोबरात मान-ताईचा नवरा पूर्वेकडे गरम पाण्याच्या झऱ्यांना जाऊन आला, ही बया रजा न घेता इथेच राबत बसली, तो एकटाच जाऊन आला आणि जाड होऊन आला. सगळ्या हसल्या. मान-ताई हसली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं.

म्हणजे ती खोटं बोलली. रिकाम्या खाटेशी दूध कोण ठेवतं? ज्याच्या हातून काहीतरी घडलंय तो.

१६ मार्च, रविवार

घरी जाऊन आले. सासूबाई मला वाटलं होतं त्यापेक्षा आनंदात आहेत. होंग-यू आता नीट जेवतो म्हणाल्या. देव्हाऱ्यापुढे त्या रोज नाणी टाकून त्याला विचारतात: एक छापा, एक काटा पडला की होकार. भात आवडला का, तर होकार. अजून हवा का, तर होकार. गेल्या महिन्यात त्याने काओल्यांग दारू मागून घेतली. सुपारीही मागितली. पूर्वजांच्या पाटीपुढे दारूचा पेला आणि सुपारीची पुडी होती. मी म्हटलं, तो दारूला शिवत नसे, सुपारी खाणाऱ्या कामगारांना ओरडत असे. सासूबाई म्हणाल्या, सू-फन, जिवंतपणी तू त्याला खाऊ दिलं नसशील, आता तरी खाऊ दे.

पाटीपुढचा भात आंबला होता. सकाळीच ठेवला होता म्हणे.

माझी मुलगी निंग-निंग सात वर्षांची आहे. तिने मला कानात सांगितलं की बाबा तिच्या पलंगाच्या कडेला बसतात आणि त्यांचे पाय नेहमी ओले असतात. मी तिला म्हटलं, स्वप्न असेल. ती म्हणाली, मग स्वप्नाने फरशी कशी भिजते.

येताना गाडीत तो ऑक्टोबरचा दिवस आठवत होते. पाच नंबरच्या खाटेशी पुजाऱ्याने घंटा वाजवली. सासूबाई हाक मारत होत्या, होंग-यू, बाळा, घरी चल. नाणी पुन्हा पुन्हा नकार देत होती. शेवटी त्या रडत म्हणाल्या, चल रे, गरम जेवण वाढलंय, अंथरूण घातलंय. लगेच होकार पडला. मग घरापर्यंत प्रत्येक पुलावर त्या त्याला सांगत आल्या, बाळा, पूल आला, आता आपण पूल ओलांडतोय. न सांगितलं तर मेलेला माणूस पाण्याशीच थांबतो.

मला तेव्हा हे सगळं सासूबाईंच्या समाधानासाठी वाटलं होतं.

२० मार्च, गुरुवार

आज एकवर एक आजोबा गेले. त्यांना खाली नेताना मान-ताई स्ट्रेचरच्या डोक्याशी चालत होती आणि पूर्ण वाटभर बोलत होती. आजोबा, डावीकडे वळतोय. उंबरा आहे. आता लिफ्ट, घाबरू नका. मागे दोन रुग्ण खोळंबले होते. मी तिला बाजूला घेऊन सांगितलं की हे काम घरच्यांचं आहे, आपलं नाही. ती म्हणाली, आचांग, एकदा नाही सांगितलं तर काय होतं ते मी पाहिलंय.

काय होतं, असं मी विचारलं. ती हात धुवायला निघून गेली.

आरोग्य खात्याकडे तक्रार करायचं मी ठरवलं आहे. छिंगमिंगच्या सणाला पूर्वजांची थडगी झाडायला घरी जाईन, त्याच्या आधी.

२६ मार्च, बुधवार

तक्रार करणार नाही.

आज दुपारी मी तिला औषधांच्या खोलीत नेलं आणि सांगितलं की मी यान होंग-यूची बायको. ती म्हणाली, माहीत आहे. तुम्ही आल्यापासून तीनवरचा माणूस तुमच्या दिशेने तोंड करून असतो. मला राग आला. मी तिला म्हटलं, माझ्याशी असलं बोलून सुटू नकोस, तू रजेवर होतीस असं खोटं का बोललीस. तेव्हा ती खाली बसली.

ती जे बोलली ते तसंच लिहिते. त्या संध्याकाळी दोघं एकदमच आले. होंग-यू तीनवर. पाचवर कालव्यात सापडलेला एक माणूस, खिशात काही नाही, नाव नाही, तोंडाला दारूचा वास, दात सुपारीने लाल. होंग-यू शुद्धीवर होता. त्याच्यासाठी सगळं केलं, तुम्ही स्वतः नर्स आहात, तुम्हीही तेच केलं असतं, असं म्हणून तिने काय काय केलं ते सांगितलं. मी ऐकलं. उपचारात काही राहिलं नव्हतं. शेवटी तो म्हणाला, घरी फोन करून सांगा, जेवायला थांबू नका.

कालव्यातल्या माणसाने मान-ताईचं मनगट धरलं ते शेवटपर्यंत सोडलं नाही. बोटं एकेक करून उघडावी लागली. मला एकट्याला पाठवू नका, एवढंच तो म्हणत होता.

दोघं गेले. मग बसचा अपघात झाला आणि तीनवरचं यंत्र हवं होतं. पाचवरच्याला काही न सांगताच खाली शवागारात पाठवलं, आणि होंग-यूला घाईघाईत तीनवरून पाचवर सरकवलं. त्यालाही सांगायचं राहिलं. आम्ही आलो, आणि पाचशी उभं राहून हाका मारल्या. ती दारात उभी होती. बोलावं असं तिला वाटलं, पण पुजाऱ्याची घंटा सुरू झाली होती आणि सासूबाईंची अवस्था पाहून तिची जीभ उचलेना.

तिने पट्टा सोडून दाखवला. मनगटावर बोटांचे निळे वळ. ऑक्टोबरपासून आहेत. जात नाहीत.

मी विचारलं, मग आमच्याबरोबर कोण आलं?

ती म्हणाली, आचांग, ज्याचं नाव कोणालाच माहीत नाही, तो कोणत्याही हाकेला ओ देतो. त्यातून गरम जेवण म्हटलं होतं.

३० मार्च, रविवार

सासूबाईंना फोन केला. देव्हारा झाकून ठेवा म्हटलं. त्या संतापल्या. परक्या गावात नोकरी करून आता तू आम्हाला शिकवणार का, म्हणाल्या. त्याला एकट्याने करमत नाही, म्हणून त्यांनी त्याचा फोटो निंग-निंगच्या खोलीत नेला आहे. नाण्यांनी तसंच सांगितलं.

निंग-निंग फोनवर आली. तिचं मनगट दुखतंय. शाळेत बाईंनी विचारलं, निळं कशाने झालं.

मी तिला म्हटलं, शेजारच्या काकूंकडे झोपायला जा. ती म्हणाली, बाबा दारापर्यंत सोबत येतात आणि मग सोडत नाहीत.

रजा मागितली. गुरुवारच्या आधी मिळत नाही, सणामुळे माणसंच नाहीत.

३ एप्रिल, गुरुवार

सकाळी तीनशी उभी राहिले. मान-ताईने पडदा ओढला. रुइ-ची बाहेर उभी राहून कोणाला आत येऊ देत नव्हती.

मी जेवणाचं काही म्हटलं नाही. होंग-यू, मी सू-फन, निंग-निंगसाठी चल, एवढंच. नाणी एकदाच टाकली. होकार.

मान-ताईने नाणी उचलून माझ्या हातात दिली.

तिने पुढचं समजावून दिलं. एका पाटीवर दोघं राहत नाहीत. होंग-यूला घरात घे, मग दुसऱ्याला बाहेर काढ. तो हाकलल्याने जाणार नाही. बोलावलं तरच निघेल. जेवायला बोलव, गाडीत बसव, नदीपर्यंत ने. पुलावर तोंड उघडू नकोस. न सांगितलेला माणूस पाण्यापलीकडे जात नाही. तो पाण्यातूनच आला होता.

वाटभर होंग-यूला सगळं सांगत आले. डावीकडे वळतोय. टोलनाका. पूल आला. बोगदा आला, घाबरू नकोस. तो गाडीत कधीच घाबरत नसे. तरी सांगितलं.

घरी पोचलो. निंग-निंग दारात होती. माझ्या मागे पाहून ती म्हणाली, बाबांचे पाय आज कोरडे आहेत.

मग म्हणाली, मग आत कोण आहे?

४ एप्रिल, छिंगमिंग

निंग-निंग रात्री माझ्याजवळ. झोपली. मी नाही.

सासूबाईंना सांगितलं. त्यांनी स्वतः नाणी टाकली. तू माझा मुलगा आहेस का, विचारलं. नकार. पुन्हा. नकार. त्या जमिनीवर बसल्या. एवढे महिने त्यांनी रोज भात वाढला होता.

त्यांना घरातच ठेवलं. निंग-निंगला त्यांच्या मांडीवर. होंग-यूच्या पाटीपुढे ताजी उदबत्ती.

मी देव्हाऱ्यापुढे म्हटलं, चला, जेवायला बाहेर जाऊ. गरम आहे. मी सोबत आहे. नाणी माझ्या हातातून जवळजवळ आपणच पडली. होकार.

—

सणाची गर्दी. सगळे आपापल्या थडग्यांकडे. ऊन चांगलं आहे. मागची सीट भिजली आहे. आरशात बघत नाही.

निंग-निंगचा फोन. आई, वळ फिके झाले. रडली. मी पण—

—

नदीच्या अलीकडे गाडी कडेला थांबवली. हे लिहून मग निघायचं. पूल समोर दिसतो, लाल. मला फक्त गप्प राहायचं आहे. ते मला आयुष्यभर जमलं आहे.

—

डावं मनगट गार. बोटं दिसत नाहीत. वळ दिसतात.

इंजिन बंद आहे. किल्ली पर्समध्ये. तरी पूल जवळ—

मी काही बोललेले नाही. एक शब्द नाही.

मागून कोणीतरी बोलतंय. हळू, समजुतीने, मान-ताई त्या आजोबांशी बोलत होती तसं. होंग-यूचा आवाज नाही. माझं नाव त्याला माहीत आहे. घरात सासूबाई मला याच नावाने हाक—

सू-फन, घाबरू नकोस, म्हणतो. मी सोबत आहे. पूल आला. आता आपण पूल