कादंबरीत नसलेला घोडा

हुसाविक, १४ नोव्हेंबर

ती. उन्नुरवहिनींना थोराचा नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? दादाला म्हणावं, रेक्याविकला राहायला गेलं म्हणून बहिणीला फोन करायची बंदी नसते. मी ठणठणीत आहे. (रक्तदाब वाढलाय, का, ते पुढे येईलच.)

आमचं वाचनमंडळ तुम्हाला ठाऊक आहे. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी आम्ही पाचजणी माझ्याकडे जमतो. पाळीपाळीने एकीने आपलं आवडतं पुस्तक सुचवायचं, बाकीच्यांनी ते वाचून यायचं. बावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या आवडी निमूट वाचल्या. सिग्रुनचं मधमाश्यांवरचं वाचलं. आस्लाउगच्या मेव्हण्याचं आत्मचरित्र वाचलं (त्यात मेव्हणा तीनशे पानं आजारी आहे आणि शेवटी चक्क बरा होतो). माझ्या पाळीला मात्र मी काहीतरी हलकंफुलकं पुढे करायची. मनातलं पुस्तक बाहेर काढायचा धीर होत नव्हता. या सप्टेंबरात काढलं. दीपगृहवाल्याच्या बायकोवरची ती कादंबरी, सहाशे बारा पानं. एइनारची होडी परतली नाही आणि मी विधवा झाले, त्या हिवाळ्यात मला याच पुस्तकाने तारलं, हेही सांगून बसले. सांगायला नको होतं.

ऑक्टोबरात सगळ्या आल्या, साखर पेरलेली धिरडी खाऊ लागल्या आणि कौतुकाचा पूर आला. काय ती भाषा, काय ती माणसं! कोणती माणसं, ते कोणी बोलेना. ग्रोआ म्हणाली, समुद्र अगदी हुबेहूब उतरलाय. (दीपगृहाच्या गोष्टीत समुद्र असणार, हे माझ्या मांजरालाही कळतं.) माझं डोकं फिरलं. मी गोड आवाजात विचारलं, "आणि लग्नाच्या दिवशी नवरीचा घोडा बर्फ फुटून तळ्यात बुडतो, ते कसं वाटलं?"

वहिनी, त्या पुस्तकात घोडा नाही. लग्नही नाही, ती बाई पहिल्या पानापासून लग्न झालेलीच आहे. सिग्रुनने डोळे टिपले. आस्लाउग म्हणाली, "मी तर पुस्तक मिटूनच बसले बाई, पुढे वाचवेना." ग्रोआला घोड्याची अयाळ अजून डोळ्यांसमोर दिसत होती.

तेवढ्यात दागनी म्हणाली, "घोड्याचं मला काही माहीत नाही. मी चाळिसाव्या पानावर सोडलं. कंटाळवाणं आहे गं, थोरा."

आता तुम्हीच सांगा, मी कोणावर चिडायला हवं होतं? चौघींत खरं बोलणारी एकटी तीच. आणि मी तिलाच म्हणाले, "एवढा कंटाळा येत असेल तर पुढच्या महिन्यात यायची तसदी घेऊ नकोस." ती "बरं" म्हणाली, बोटं पुसली, कोट चढवला आणि गेली. चाळीस वर्षांची मैत्रीण. त्या तिघी म्हणाल्या, दागनी म्हणजे किती कठोर मनाची बाई! मी त्यांना आणखी कॉफी ओतली.

पंधरा दिवसांनी दुकानात कळलं की दागनी घर भाड्याने देऊन रेक्याविकला लेकीकडे राहायला गेली. मला एका शब्दाने सांगितलं नाही. असल्या माणसांची मी पर्वा करत नाही. मंडळ उत्तम चाललंय. या महिन्यात तिघी आल्या होत्या, आणि ग्रोआने माझी कादंबरी आपल्या नणंदेलाही सुचवलीय, खास घोड्यासाठी.

दादाला आठवण सांगा.

तुमची
थोरा

ता.क. कादंबरी मी परवा पुन्हा वाचायला घेतली. भयंकर आहे. तीन दिवसांत तीनदा डोळा लागला. त्या हिवाळ्यात मी ती कशी वाचली असेन, याचा विचार करत बसले, तेव्हा आठवलं. रोज दुपारी तीनला, अंधार पडता पडता, दागनी यायची, दिवा लावायची, मटणाचं सूप गरम करायची आणि समोरच्या खुर्चीत गप्प बसायची. मला बोलावं लागू नये म्हणून मी पानं उलटत होते. तारल्याचं श्रेय इतकी वर्षं पुस्तकाला देत आले.

ता.ता.क. दागनीची लेक तुमच्याच रस्त्यावर राहते असं ऐकते. सहज गेल्यासारखं जाऊन या. ती सध्या काय वाचतेय ते विचारा आणि मला नाव कळवा. कितीही जाड असो, मी शेवटपर्यंत वाचेन. मी विचारलंय असं मात्र सांगू नका.

सांगितलंत तरी चालेल.