नावाने हाक येईल तेव्हा

९ जून १९२७
लस आली! पलीकडच्या खोऱ्यात देवींनी अकरा माणसं नेली, आता आपली पाळी नको. यादी गावकारकून साताईची. घरोघरच्या कर्त्या पुरुषाला विचारून केलेली, आमच्या घरची नावं मामंजींनी सांगितली. मी हाक मारायची, माणसाने दंड पुढे करायचा. सोपं.

सोपं कसलं! सतरावं नाव मामंजींचंच. सासऱ्याचं नाव सुनेने तोंडातून काढायचं नाही, मग ती नर्स का असेना. ओठांवर आलं आणि गिळलं. "आमच्या घरचे मोठे," मी म्हणाले. मामंजी ढिम्म! "यादीत असेन तर नावाने हाक येईल. नसेन तर हा निघालो." घोड्यावर बसून गेलेसुद्धा. हट्टी म्हातारा.

१० जून
सुई घेऊन त्यांच्यापुढे गेले. "चारचौघांतून परत आलोय, आता चोरून टोचून घेऊ?" म्हणे. दुपारी लस संपली. नवी आठवड्याने.

१६ जून
काल पलीकडचा मेंढपाळ आमच्या तंबूत उतरला. सासूबाईंनी घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा कुमीस दिला, अंथरूण घातलं. सकाळी पाहते तर कपाळभर पुरळ! त्याला वेगळ्या तंबूत हलवलं. मामंजी त्याच्याच ताटात जेवले होते.

१८ जून
नवी लस. सगळं गाव जमलेलं. डोळे मिटले आणि ओरडले — "कालमुर्झा!"

म्हाताऱ्यांनी तोंडावर हात ठेवले. "शिकली आणि लाज सोडली," मागून कुणीतरी म्हणालं. मामंजी सावकाश उठले, बाही वर केली. "एवढा आवाज आहे होय तुझ्यात!"

सासूबाई रांगेला चहा वाटत होत्या. माझ्यापुढे पेला आदळला. "चाळीस वर्षं संसार केला, एकदा नाव घेतलं नाही मी. तू तीन वर्षांत घेतलंस!" फार लागलं मनाला. पण यादीतलं एकही नाव राहिलं नाही. जिंकले!

२१ जून
सासूबाई अजून बोलत नाहीत. चहा मात्र देतात.

२८ जून
सासूबाईंना ताप. तोंडावर पुरळ. यादी तीनदा वाचली — त्या यादीत नाहीतच. मामंजी त्यांना जन्मभर "अगं म्हातारे" म्हणत आले, साताईला काय सांगणार?

रोग्यांच्या वहीत नोंद करायला बसलेय. नाव काय लिहू? तीन वर्षं एका तंबूत राहिले. कधी विचारलंच नाही.