हात छातीवर जातो

कळंब, रविवार, दिवेलागण

हे उद्या सकाळी शेतकऱ्यांच्या अभ्यासदौऱ्यावर व्हिएतनामला निघतात. पहिलाच परदेश, तोही माझ्याशिवाय. बंडीला आतून चोरखिसा मीच शिवला, त्यात डॉलर ठेवले आणि सवय व्हावी म्हणून आज दिवसभर तीच बंडी घालायला लावली. चूक माझीच. दर दोन मिनिटांनी यांचा हात छातीवर.

दुपारी चिंतामणीच्या देवळापाशी फुलवालीनं विचारलंच, "काकाजी, छातीत दुखून राह्यलं काय?"

"नाही वं बाई, डॉलर होय!"

सगळी रांग वळून बघायला लागली.

घरी आल्यावर मी बोलले. "तिकडे असं केलंत तर दुसऱ्याच दिवशी रिकामे व्हाल."

"मले समजत नाही काय? हात आपोआपच जाते, त्याले मी काय करू?"

खरंच, काय करणार? पैसे दुसरीकडे ठेवले तर हात तिकडे जाईल. म्हणजे जागा यांना माहीत असणं हाच धोका. पण न सांगता परक्या देशात धाडायचं? तिथे खिसा उघडला आणि पैसे दिसले नाहीत तर?

आता हे बंडी खुंटीला अडकवून शेजारी निरोप घ्यायला गेलेत. तेवढ्यात मी डॉलर उद्या घालायच्या पँटच्या कमरपट्टीत आतून शिवून टाकले. चोरखिशात तेवढ्याच जाडीचा घडी केलेला कागद ठेवला. त्यावर लिहिलं:

"घाबरू नका. पैसे कमरपट्टीत शिवले आहेत. आता तिथे हात नेऊ नका."