उजवीकडून ओढलेली शिरोरेघ

ज्योतीनगर, छत्रपती संभाजीनगर
सोमवार, २७ ऑक्टोबर २०२५

प्रिय कालिंदी,

रविवार, १२ ऑक्टोबर, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. ही वेळ मी अंदाजाने लिहीत नाही. टॅबमधल्या तुझ्या बाबांच्या दोनशे अकराही पानांवर शेवटचा बदल म्हणून हीच वेळ आली आहे. तेव्हा मी स्वयंपाकघरात तुझ्या प्रवासासाठी दशम्या करत होते, आणि तू बाहेर सोफ्यावर बसून त्यांचं सात महिन्यांचं हस्ताक्षर एका बटणात छापील करून टाकलंस. वर मूळ पानं काढून टाकलीस. निघताना म्हणालीस, "आई, बाबांचं सगळं नीट करून ठेवलंय, आता चष्म्याशिवाय वाचता येईल." मी तुला थँक्यू म्हटलं. त्या थँक्यूचा मला अजून राग येतो.

चूक पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आली, सांगू? आवडाबाईंच्या. बाबांचं आजारपण ज्यांनी काढलं त्या, सिल्लोडकडच्या, ज्यांना अक्षर म्हणून वाचता येत नाही त्या. दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, मी टॅब नुकता उघडला होता, चष्माही लावला नव्हता. त्यांनी झाडू थांबवून मागून डोकावलं आणि म्हणाल्या, "बाई, सायबाचं अक्षर कुठं गेलं? हे तर पेपरातल्यावानी दिसायलंय." मग स्वतःची पानं शोधा म्हणाल्या. त्यांना वाचता येत नाही म्हणून बाबा त्यांच्यासाठी चित्रं काढायचे. पेला, पंखा, उशी. चहा हवा असला की कप, आणि चहा फारच हवा असला की कपाशेजारी स्वतःच्या मिशा. तुझ्या नीट प्रतीत त्यातलं एकही नाही. यंत्राला शब्द सापडला नाही तिथं त्याने काहीच ठेवलेलं नाही. आवडाबाई एवढंच म्हणाल्या, "व्हय, आमचं कशाला ठेवतील."

मी लगेच तुला फोन केला. तू मीटिंगमध्ये होतीस. "अगं, एकही शब्द इकडचा तिकडे झालेला नाही, उलट जागा मोकळी झाली," म्हणालीस. कसली जागा, कालिंदी? कोण राहायला येणार होतं तिथं? हेही म्हणालीस की मी थकले आहे. ते खरं आहे. मी इतकी थकले होते की भांडायचं सोडून फोन ठेवला.

टॅब तूच आणला होतास, जानेवारीत, घशाच्या ऑपरेशननंतर. आवाज परत येणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं त्याच आठवड्यात. मी म्हणाले होते, पाटी-पेन्सिल आणली असती तरी भागलं असतं. मग त्या काळ्या काचेवर बाबांनी पहिलं वाक्य लिहिलं, "भानू, तुझा आवाज दोघांना पुरेल." तू किती हसलीस. मी बोलायची, ते लिहायचे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तेहतीस वर्षं लोकांची बोलणी जोडून दिली मी, पण बोलणं कसं ऐकायचं ते या सात महिन्यांत शिकले. पेन काचेवर चालताना बारीक खसखस होते. स्वयंपाकघरातून मला ती ऐकू यायची आणि मी गॅस बारीक करून बाहेर यायचे.

तेव्हा तूच समजावून सांगितलं होतंस की हा कागदासारखा नाही, यात पानाचा फोटो नसतो. पेन कुठं टेकलं, कुठून कुठे गेलं, किती दाबलं, मध्ये किती थांबलं, हे सगळं ओळीने साठवलेलं असतं. बरोबर? कडेची एक खूण दाबली की पान कोरं होतं आणि लिहिणाऱ्याने जसं लिहिलं तसंच ते पुन्हा उमटायला लागतं. तू ते एकदा दाखवलंस आणि विसरलीस. मी विसरले नाही. बाबा गेल्यावर रोज दुपारी जेवण झालं की मी एक पान लावायचे. पेन दिसत नाही, हात दिसत नाही, पण रेघ पुढे जात राहते, अडखळते, थांबते. ते विचार करतात तिथं थांबते. तेवढा वेळ मीही थांबायचे. हे मी तुला सांगितलं नव्हतं. नवरा गेल्यावर बायका काय काय करत बसतात म्हणून माझ्या तोंडून तू लहानपणापासून जे ऐकलंस, त्यानंतर कुठल्या तोंडाने सांगणार होते?

आणखी एक गोष्ट मला अशीच कळली. तुझे बाबा शिरोरेघ उजवीकडून डावीकडे ओढायचे. अठ्ठेचाळीसला निजामावर पोलीस ॲक्शन झाली तेव्हा ते तिसरीत होते, उर्दू शाळेत. पुढच्या वर्षी मराठी शाळा आली, मास्तरांनी अक्षरं डावीकडून शिकवली, ती हे शिकले. पण वरची रेघ हाताने आपल्या पहिल्या शाळेचीच ठेवली. मी त्रेपन्न वर्षं त्यांच्या याद्या वाचल्या, पैठणला पाटबंधाऱ्यात होते तेव्हाची पत्रं वाचली. कागदावर रेघ कुठून सुरू झाली ते दिसत नाही. ती मला या काचेत दिसली, ते गेल्यावर. नऊ वर्षांचा व्यंकट मी तिथं पहिल्यांदा पाहिला. तू तो पुसलास.

तुझ्यावर सगळं ढकलून मी मोकळी होणार नाही. हे तुला मीच शिकवलं आहे. मला कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी फूटपट्टीने बोटांवर मारून अक्षर शिकवलं, आणि मी तुला. तुझ्या वहीत खाडाखोड दिसली की मी पान टराटरा फाडायचे आणि फेअर कॉपी करायला लावायचे. निबंधाला अकरा ओळी असोत की शंभर, कच्चं पान घरात राहता कामा नये. तू पन्नाशीची झालीस, आणि बाबांचं खाडाखोडीचं लिखाण पाहिल्यावर तुझ्या हाताने तेच केलं. आईला आवडेल म्हणून केलंस, मला माहीत आहे. म्हणून तर जास्त राग येतो.

आता हे पत्र का, ते लिहिते. फोनवर मला हे सांगता येणार नाही, तोंडाने बोलायला लागले की मी भांडतेच. तुझ्या प्रतीत दोनशे अकरावं पान कोरं आहे. ते कोरं नव्हतं. १९ ऑगस्टच्या सकाळी बाबांनी ते लिहिलं आणि मला दाखवलं. मी तीन दिवस पाठ टेकली नव्हती. मी म्हणाले, "हे काय कोंबडीचे पाय! नीट लिहा, नाहीतर लिहू नका." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पेन खाली ठेवलं, आणि डोळे मिटले. त्यानंतर त्यांनी काही लिहिलं नाही. दोन दिवसांनी ते गेले. तेव्हापासून ते पान मी रोज लावत होते, सगळ्यात सावकाश वेगावर. शिरोरेघा दोन आहेत, म्हणजे शब्द दोन. पहिला माझं नाव आहे, ते सप्टेंबरात कळलं. दुसऱ्या शब्दात पेन चार वेळा थांबतं, एकदा बराच वेळ उचललेलं राहतं. मी निम्म्यापर्यंत पोचले होते. शिवी असली तरी चालेल मला. निराला बाजारातल्या टॅबच्या दुकानात काउंटरवरच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, काढलेली पानं खात्याच्या कचरापेटीत तीस दिवस राहतात, मग कायमची जातात, आणि खातं ज्यांच्या नावावर त्यांनाच ती परत आणता येतात. खातं तुझ्या नावावर आहे. तीस दिवस मंगळवार, ११ नोव्हेंबरला दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी भरतात. या पत्रावर सुट्टी, मीटिंग, सर्व्हर असली कारणं मी ऐकणार नाही. पानं परत आण. दोनशे अकरावं उघडू नकोस, उघडलंस आणि वाचता आलं तरी मला सांगू नकोस. आणि पानं आली की नाही, एवढं एक वाक्य कागदावर, स्वतःच्या हाताने, पहिल्या झटक्यात येईल तसं लिहून, शनिवार, ८ नोव्हेंबरच्या टपालाने माझ्या हातात पडेल असं पाठव. म्हणजे काही अडलंच तर तीन दिवस उरतील.

तुझीच,
आई